बिस्तारै, दिदी



दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला जाऊन आले. शिखरावर नव्हे, पायथ्याशी. हे आधीच सांगते, कारण बाई एव्हरेस्ट चढून आल्या अशी बातमी आमच्या कॉलनीत अजून फिरते आहे. तेव्हा वय 58, शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली, आणि आयुष्य सगळं चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हात गेलेलं. तयारी काय, तर चार महिने पहाटे रामाळा तलावाकडे फेऱ्या.

सहलीच्या पत्रकात रोजचं चालणं, मुक्काम, जेवण, सगळं छापलेलं होतं. पायी वाट जिथून सुरू होते त्या लुक्ल्याची धावपट्टी अवघी 527 मीटरची, तीही डोंगराच्या कडेला आणि चढती. त्या विमानाचीच काय ती धास्ती घेऊन मी गेले होते. विमान अलगद टेकलं. धास्ती घ्यायला हवी होती भाताची.

उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळतं. बेस कॅम्पला, म्हणजे 5364 मीटरवर, साधारण 83 अंशांना. तांदूळ नुसता उड्या मारतो, लवकर शिजत नाही. कुकर असेल तरच घास मऊ. तोही गिळवेना, कारण भूकच मेलेली. घरची जवसाची चटणी मी जपून नेली होती. चौथ्या दिवशी तिचा वाससुद्धा नको झाला. रात्री झोपेत श्वास मध्येच थांबे आणि दचकून जाग येई. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माझंही तेच." ते ऐकून मला फार बरं वाटलं. माणूस असाच असतो.

पण खरी परीक्षा वेगळीच होती. नामचे बाजार 3440 मीटरवर. तिथे आमचा दोन रात्रींचा मुक्काम. मी वाटाड्याला म्हटलं, "दाइ, माझे पाय ठणठणीत आहेत, आज पुढे निघू." तो हसला. "पायांचं काही नाही दिदी, रक्ताला वेळ हवा. बिस्तारै, बिस्तारै." म्हणजे हळूहळू. तीन हजार मीटरच्या वर एका दिवसात झोपण्याची जागा पाचशे मीटरहून जास्त उंच नेऊ नये आणि मध्ये विसावा घ्यावा, हा तिथला शिरस्ता. तो मोडला तर आधी डोकं दुखतं, मग उलट्या. आणि तरीही माणूस वर जात राहिला, तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठून जिवावर बेततं. औषधांच्या आधी उपाय एकच, खाली उतरणं.

नामच्याला नुसती बसून होते तेव्हा आपल्या चंद्रपूरच्या मुलांची आठवण झाली. जिवती, देवाडा अशा आपल्या आश्रमशाळांतली दहा आदिवासी मुलंमुली 'मिशन शौर्य' या एव्हरेस्ट मोहिमेवर गेली होती. मे 2018 मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण शिखरावर पोचले. पंतप्रधानांनी रेडिओवरून त्यांची नावं घेतली, तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटले होते. आणि त्याच दिवशी एक सहकारी म्हणाले, "जंगलातली मुलं ती, जन्मजात काटक." तेव्हा मीही मान हलवली होती.

आज नाही हलवणार. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आहे. जिवतीचा डोंगर धरला तरी काय होतं? तिथल्या मुलाच्या रक्तातही विरळ हवेची सोय नसते, माझ्या नव्हती तशीच. शिखरावर प्राणवायू इथल्याच्या एक तृतीयांश. ऑगस्ट 2017 पासून वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख असं प्रशिक्षण घेत ती मुलं तिथवर पोचली. त्याला जन्मजात म्हणणं म्हणजे त्यांच्या नऊ महिन्यांच्या कष्टावर पाणी ओतणं. आणि शिखर न गाठलेल्या पाच जणांचं नाव आपण किती जणांनी लक्षात ठेवलं? वर जायचा दोर हातात असताना पाऊल मागे घ्यायचं, हे सोपं असेल असं मला तरी वाटत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे शिकायला मिळते, ती म्हणजे थांबणं. मी काही वर्षं भामरागडला होते. तेव्हा पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की रस्ता बंद व्हायचा. दवाखान्यात जायचं असो की लग्नाला, काठावर बसायचं. तिथल्या एका आजोबांनी मला शिकवलं होतं : पाण्याच्या कडेला काडी रोवायची आणि बघत राहायचं. काडी बुडाली तर घरी जायचं, उघडी पडली तर आणखी बसायचं. किती वेळ, हे कोणी विचारत नसे. विचारायची ती मीच, शहरातून आलेली.

परतताना लुक्ल्याला ढग उतरले आणि विमानं बंद झाली. दोन दिवस आम्ही चुलीभोवती बसून होतो. आमच्यातले काही जण फोनवर कंपनीशी भांडत होते. कंपनी ढगांना काय सांगणार? वाटाड्या दाइने मला विचारलं, "दिदी, तुमच्या गावाला आता हवा कशी असेल?" मी म्हटलं, "पारा 45 च्या वर."

त्याने कानटोपी मागे सारली. "एवढ्या उन्हात तुम्ही दुपारी कामं कशी करता?"

"बिस्तारै," मी म्हटलं.