लोकांची गाडी आणि लोकांची मालकी

(पुण्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण, वक्त्याने पुन्हा पाहून दिलेले.)



संयोजकांनी मला ‘वाहन उद्योग आणि सामान्य माणूस’ असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे. आकडेवारीचे भेंडोळे उलगडीत बसलो तर तुम्हांला जेवणाच्या आधीच डुलकी लागेल. म्हणून मी फक्त एका यंत्राची गोष्ट सांगणार आहे. पाण्याऐवजी हवेने थंड होणारे आणि गाडीच्या पाठीमागे बसवलेले लहानसे इंजिन, हे ते यंत्र. ते घेऊन एक गाडी जर्मनीत निघाली आणि दुसरी आपल्या आकुर्डीत. पहिलीचे नाव फोक्सवागन, म्हणजे ‘लोकांची गाडी’. जगाने तिला पुढे बीटल, म्हणजे भुंगा म्हटले. दुसरीला असे भारदस्त नाव कोणी दिले नाही. ती आपली रिक्षा.

इंजिन मागे का आणि हवेवर का, याचे उत्तर सोपे आहे. पाणी नाही म्हणजे रेडिएटर नाही, गळती नाही, उन्हाळ्यात उकळणे नाही, थंडीत गोठणे नाही. इंजिन चालत्या चाकांपाशीच बसवले की पुढून मागे शक्ती नेणारा लांब दांडा लागत नाही. सुटे भाग कमी, वजन कमी, किंमत कमी. गरिबाला परवडेल असे वाहन करायचे तर कुठल्याही शहाण्या अभियंत्याचा हात याच दिशेने जाणार.

म्हणूनच बीटलची कल्पना कोणा एकाच्या डोक्यातून निघालेली नाही. झेकोस्लोव्हाकियात हान्स लेडविंका यांनी टाट्रा कारखान्यात हवेने थंड होणाऱ्या, मागे इंजिन असलेल्या गाड्या केल्या होत्या. जर्मनीत योझेफ गांझ नावाचा ज्यू अभियंता-पत्रकार अशाच हलक्या, स्वस्त गाडीसाठी सतत लिहीत होता. १९३१ साली त्याने केलेल्या नमुन्याचे नावसुद्धा ‘मायकेफर’, म्हणजे एका जातीचा भुंगाच होते. १९३३ च्या मे महिन्यात गुप्त पोलिसांनी त्याला अटक केली; पुढच्या वर्षी तो देश सोडून गेला आणि अखेर ऑस्ट्रेलियात मरण पावला. १९३४ च्या जूनमध्ये नव्या गाडीचे काम फर्डिनांड पोर्शे यांच्याकडे सोपवण्यात आले. हिटलरला हजार मार्कांच्या आत किंमत हवी होती. ती ठरली ९९० मार्क.

आता अर्थशास्त्राचा विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतो : भांडवल कोणाचे? खासगी मोटार कारखानदारांना एवढ्या किमतीत गाडी देणे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून हे काम ‘जर्मन श्रम आघाडी’कडे गेले. ही आघाडी कोणती? २ मे १९३३ रोजी, म्हणजे कामगार दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, नाझींनी देशभरच्या कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेतली, पुढाऱ्यांना पकडले, निधी आणि मालमत्ता जप्त केली. ती मालमत्ता ज्या सरकारी संघटनेच्या घशात गेली तीच ही. कामगारांनी पै-पै वर्गणी देऊन उभा केलेला पैसा असा कारखान्याच्या पायाखाली गेला. २६ मे १९३८ रोजी हिटलरने त्या कारखान्याची कोनशिला बसवली.

दुसरी युक्ती याहून धूर्त होती. कामगाराने दर आठवड्याला ५ मार्कांचे तिकीट घ्यायचे आणि ते एका पुस्तिकेत चिकटवायचे. हिशेब करा : ९९० मार्कांसाठी १९८ आठवडे, म्हणजे जवळजवळ चार वर्षे. गाडी हातात येण्याआधीच सगळी किंमत भरायची, जमा रकमेवर व्याज नाही. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी या योजनेत पैसे भरले. त्यांतल्या एकालाही युद्धापूर्वी किंवा युद्धकाळात गाडी मिळाली नाही. कारखान्यातून लष्करासाठी गाड्या निघाल्या. त्या बनवायला पोलंड, सोव्हिएत रशिया, फ्रान्स अशा देशांतून धरून आणलेली माणसे, युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदी जुंपले गेले. सक्तीने आणलेल्या स्त्रियांची तान्ही मुले त्यांच्यापासून तोडून जवळच्या र्यूहेन गावातील एका तथाकथित बालगृहात ठेवली जात. तिथे तीनशेहून अधिक अर्भके मेली. ‘लोकांची गाडी’ या नावाखाली हा इतिहास आहे. तो विसरून त्या गोल, गोजिरवाण्या गाडीचे कौतुक करता येत नाही.

१९४५ साली कारखाना ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात आला. मेजर आयव्हन हर्स्ट या अधिकाऱ्याने मोडलेली यंत्रे उभी करून सैन्यासाठी गाड्या काढायला सुरुवात केली. १९५५ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. १९७२ मध्ये फोर्डच्या मॉडेल टीचा विक्रम मागे पडला. २००३ मध्ये मेक्सिकोत शेवटची बीटल निघाली तेव्हा एकूण संख्या दोन कोटी पंधरा लाखांच्या घरात होती. तिकिटे चिकटवणाऱ्यांचे काय झाले? ते वर्षानुवर्षे न्यायालयात भांडले आणि १९६१ मध्ये तडजोड झाली : नवी गाडी घेतल्यास जास्तीत जास्त ६०० मार्क सूट, नाहीतर थोडी रोख रक्कम.

यातून माझा पहिला मुद्दा निघतो. इंजिन तेच, आकार तोच. १९३८ मध्ये ती लोकांची गाडी झाली नाही आणि १९५५ मध्ये झाली. मधल्या काळात बदल यंत्रात झाला नाही, समाजात झाला. कामगारांना संघटनेचा हक्क परत मिळाला, मजुरी वाढली. गाडी स्वस्त असून भागत नाही, मजुरीही पुरेशी असावी लागते.

आता पुण्याकडे येऊ. इटलीत पियाज्जो कंपनी विमाने बनवीत असे. युद्धात कारखाना उद्ध्वस्त झाला, तेव्हा तिने १९४६ मध्ये व्हेस्पा स्कूटर आणि १९४८ मध्ये तीन चाकांची मालगाडी काढली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. मालगाडीचे नाव ‘आपे’, म्हणजे मधमाशी. जर्मनांचा भुंगा, इटालियनांची मधमाशी! या मधमाशीत माणसे बसवता येतील हे हेरले ते तेव्हाच्या अहमदनगरचे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी. माणसाने माणसाला ओढावे ही गोष्ट स्वतंत्र देशाला शोभत नाही, अशी त्यामागची भावना होती. आज आपल्याला रिक्षा इतकी सवयीची झाली आहे की तिच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न होता हे आठवतही नाही. कोलकात्यात हातरिक्षा किती वर्षे टिकून राहिल्या ते पाहिले म्हणजे पुण्याने काय टाळले ते समजेल.

१९४५ मध्ये स्थापन झालेली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४८ पासून आयात केलेली दुचाकी व तीनचाकी वाहने विकू लागली. तीच पुढे बजाज ऑटो झाली. १९५९ मध्ये तिला उत्पादनाचा परवाना मिळाला, १९६० मध्ये आकुर्डीच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले. सुरुवातीच्या रिक्षांचे इंजिन पुढे, चालकाच्या आसनाखाली असे. १९७७ मध्ये मागे इंजिन असलेली रिक्षा आली आणि तेच रूप देशभर पसरले. बीटलचा तो जुना हिशेब आकुर्डीतही खरा ठरला.

याच काळात सरकारदरबारी मात्र ‘छोट्या मोटारी’ची चर्चा रंगली होती. १९६० च्या सुमारास ल. का. झा यांच्या समितीने तिचा विचार केला, नंतर आणखी समित्या आल्या. आपल्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी हे फारसे शिक्षण नसलेले गृहस्थ १९४९ पासून ‘मीरा’ नावाची लहान गाडी स्वतःच्या हिमतीने घडवीत होते. सुधारलेले नमुने काढीत ते सत्तरच्या दशकापर्यंत पोहोचले. ती गाडी कारखान्यात कधीच गेली नाही. उलट १९७० मध्ये छोट्या मोटारीचे इरादापत्र पंतप्रधानांच्या धाकट्या चिरंजीवांना मिळाले. मधू लिमये आणि इतरांनी संसदेत त्यावर काय रान उठवले होते ते जुन्या साथींना आठवत असेल. पुढे सार्वजनिक क्षेत्रात, जपानी सहकार्याने, १९८३ मध्ये मारुती रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गाची झाली.

पण मला विचाराल तर आपल्या देशातील खरी ‘लोकांची गाडी’ तोवर पुण्याच्या रस्त्यावर पाव शतकाहून अधिक काळ धावत होती. खासगी मोटार दिवसाचे बावीस तास उभी असते. रिक्षा दिवसभरात कित्येक कुटुंबांना नेते : बाळंतिणीला दवाखान्यात, म्हाताऱ्याला पेन्शनीला, पोरांना शाळेत. वाहनाचा सामाजिक उपयोग मोजायचा असेल तर तो आसनांवर मोजू नये, फेऱ्यांवर मोजावा.

येथे माझा दुसरा आणि महत्त्वाचा मुद्दा येतो. माझ्या वर्गात बऱ्याच वर्षांपूर्वी एक विद्यार्थी होता. त्याचे वडील दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर चालवीत. मी उत्पादनसाधनांच्या मालकीवर बोलत होतो. तो उभा राहून म्हणाला, “सर, आमच्या वडिलांना गाडीचं कर्ज कुणीही देईल. पण परमिट दुसऱ्याचं आहे. मग साधन म्हणजे गाडी की परमिट?” मी त्या दिवशी गोलमोल उत्तर दिले. खरे उत्तर त्यालाच माहीत होते. १९९७ मध्ये राज्य सरकारने मोठ्या शहरांतील नव्या परमिटांवर निर्बंध घातला, तो २०१७ मध्ये उठला. मधल्या वीस वर्षांत ज्याच्या नावावर कागद होता त्याला घरबसल्या भाडे मिळे आणि ज्याच्या हातात हँडल होते तो रोजची रक्कम भरून उरलेल्यावर संसार चालवी. रिकार्डोने जमिनीच्या खंडाचा जो सिद्धान्त मांडला तो येथे तंतोतंत लागू पडतो. फक्त शेताच्या जागी एक कागद आहे.

परमिटे खुली झाली तेव्हा उलटा प्रश्न आला. रिक्षा वाढल्या, हप्ते वाढले, धंदा वाटला गेला. मग मोबाइलवरून वाहन पुरवणाऱ्या कंपन्या आल्या. दुचाकीवरून प्रवासी नेण्याविरुद्ध २८ नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या रिक्षाचालकांनी बंद पाळला. त्या वेळी अनेक सुशिक्षित मित्र म्हणाले, “बरे झाले, यांची मुजोरी जिरेल.” जवळचे भाडे नाकारणे, मीटर न टाकणे या तक्रारी खऱ्या आहेत, आपण त्या झाकू नयेत. ग्राहकाचा विश्वास गमावलेल्या कष्टकऱ्याची लढाई फार दूर जात नाही, हे बाबा आढाव यांनी उभ्या केलेल्या रिक्षा पंचायतीच्या कार्यकर्त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. पण नव्या व्यवस्थेत गाडी चालकाची, कर्ज चालकाचे, अपघाताचा धोका चालकाचा. गिऱ्हाइकांची यादी मात्र कंपनीची आणि दर ठरवण्याचा अधिकारही तिचाच, हे कसे विसरता येईल? काल मालकी परमिटात होती, आज ती यादीत गेली आहे.

मग करायचे काय? माझ्याकडे जादूची कांडी नाही. तीन गोष्टी मात्र मागता येतील. परमिट चालवणाऱ्याच्याच नावे असावे आणि त्याची कसून तपासणी व्हावी. कर्ज सहकारी पतसंस्थेमार्फत, सावकारी व्याजाशिवाय मिळावे. आणि प्रवासी जोडून देणारी यंत्रणा चालकांच्या सहकारी संस्थेच्या किंवा महापालिकेच्या हाती असावी. हे शेवटचे अवघड आहे, कारण त्यासाठी चालकांत एकी आणि व्यवहारात चोखपणा लागेल. हे काम मंत्रालयात होणार नाही. ते आपल्या चौकातल्या रिक्षा स्टँडवर जाऊन बसण्याने सुरू होईल. या वर्गातून जाताना प्रत्येकाने एक स्टँड निवडावा आणि तिथे किती जण मालक-चालक आहेत, किती जण शिफ्टवर आहेत एवढीच माहिती महिनाभरात गोळा करावी, अशी माझी विनंती आहे.

त्या जर्मन कामगाराने तिकिटे चिकटवताना गाडीचे चित्र पाहिले. पैसा कोणाकडे जातो आणि किल्ली कोणाच्या खिशात राहते हे विचारण्याची सोय त्याच्यापाशी उरली नव्हती, कारण विचारणारी संघटनाच आधी मोडली गेली होती. आपल्यापाशी ती सोय अजून आहे. ती वापरावी, एवढेच सांगून मी रजा घेतो.