तोडलेले वाक्य आणि त्याची किंमत

(मंडणगड येथील कार्यकर्त्यांपुढे दिलेले व्याख्यान)



डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे याच तालुक्यातले. 31 जानेवारी 1920 रोजी त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. ज्याच्या हाती छापखाना नाही, त्याचे म्हणणे लोकांपर्यंत किती पोचावे हे दुसरेच ठरवतात. शंभर वर्षांनी हे निराळ्या रूपात पुन्हा दिसले.

मार्च 2020 मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्ये तबलिगी जमातीचा मेळावा भरला. साथीच्या दिवसांत गर्दी जमवणे अविवेकाचेच होते. जमातीचे प्रमुख मौलाना साद यांना त्याचा जाब विचारणे रास्तच ठरले असते. पण कित्येक वाहिन्यांनी जाब विचारण्याऐवजी ‘कोरोना जिहाद’ हा शब्द चालवला. मौलानांच्या नावाची एक ध्वनिफीत घरोघर गेली. ती निरनिराळे तुकडे जोडून केलेली असावी, असा तपासाचा रोख असल्याचे वृत्त ‘इंडियन एक्सप्रेस’ने मे 2020 मध्ये दिले, दिल्ली पोलिसांनी ते नाकारले. म्हणजे माणूस नेमके काय बोलला हेच वादग्रस्त होते. शिक्षा मात्र तोवर भोगून झाली होती, आणि तीही मौलानांनी नव्हे. देशात अनेक ठिकाणी मुसलमान भाजीवाल्यांना गल्लीत शिरू दिले गेले नाही. ज्याची चूल रोजच्या विक्रीवर पेटते, त्याची नुकसानभरपाई कोणत्याही संपादकाने केली नाही.

21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यातील 29 परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले. न्या. टी. व्ही. नलावडे यांनी वृत्तपत्रे व वाहिन्यांतील प्रचारावर ताशेरे ओढले. या लोकांना बळीचा बकरा केले गेल्याचे दिसते, असा अभिप्राय दिला. सहन्यायमूर्ती एम. जी. शेवलीकर यांनी निकाल मान्य केला, पण काही निरीक्षणांशी सहमती दर्शविली नाही. हेही सांगितलेच पाहिजे, नाहीतर वाक्य तोडणाऱ्यांच्या पंक्तीत सांगणाराही बसतो. दिल्लीत 70 भारतीयांवरील आरोपपत्रे रद्द व्हायला तर 17 जुलै 2025 उजाडला.

यामागे केवळ द्वेष नाही, हिशेबही आहे. खळबळ स्वस्तात तयार होते आणि चढ्या भावाने विकली जाते. खुलाशाला गिऱ्हाईक नसते. प्रेस कौन्सिल फार तर समज देते किंवा निषेध नोंदवते, आणि वाहिन्या तर तिच्या कक्षेबाहेरच.

समाजवादी कार्यकर्ता धर्मगुरूंचा जुना टीकाकार. मग ते मौलाना असोत की शंकराचार्य. म्हणूनच त्याच्यावर अधिक बंधन येते. ज्याच्यावर टीका करायची, त्याचे भाषण आधी पुरते ऐकले पाहिजे. मंडणगडच्या बाजारात कोणी मोबाईलवर अशी फीत ऐकवली, तर त्याने तिथेच विचारावे: भाषण कोणत्या तारखेचे, कुठले, आणि यापुढचे वाक्य काय होते?