शेजाऱ्याशी वाद : आपली बाजू कशी मांडावी
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)



आनंदाच्या प्रसंगी कोर्टकचेरीचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण 25 वर्षांनंतरच हा विषय निघतो, बघा. प्लॉट घेणारे थकतात, कारभार मुलांकडे जातो, आणि दोन घरांमधला बोळ कुणाचा, हे तोंडी ठाऊक असलेली माणसं कमी होतात.

मी परभणीला वकिली करतो. पहिल्या भेटीत पक्षकार अर्धा तास शेजाऱ्याचा स्वभावच सांगतो. कोर्टाला स्वभावाचा निवाडा करायचा नसतो. म्हणून आधी मागणी सांगा. भिंत काढून हवी, रस्ता मोकळा हवा, की जागा माझी असं ठरवून हवं?

मग तिचा पाया. समजा, मागच्या दाराला जाणारा बोळ शेजाऱ्यानं अडवला. ‘बोळ माझाच’ म्हणायचं असेल तर खरेदीखतातली चतुःसीमा, मंजूर लेआउट आणि भूमी अभिलेखची हद्द कायम मोजणी पुढे ठेवा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 कराचा कागद आहे. तेवढ्यानं मालकी सिद्ध होत नाही. ‘बोळ त्यांचा, पण वहिवाट माझी’ म्हणायचं असेल तर 20 वर्षांचा उघड, अखंड आणि हक्कानं केलेला वापर दाखवावा लागतो. अडवल्यापासून दोन वर्षांच्या आत दावाही लावावा लागतो. दोन्ही गोष्टी एकाच दमात म्हटल्या, की दोन्ही लुळ्या पडतात.

तिसरं, समोरच्याचा सर्वांत जड मुद्दा आपणच आधी हाती घ्या. तो म्हणणार, ‘शेजारधर्म म्हणून मीच जाऊ दिलं.’ आणि हा मुद्दा खरा ठरला तर दावा संपला, कारण परवानगीनं केलेला वापर कितीही वर्षांचा असो, त्याचा हक्क होत नाही. म्हणून कुणाला न विचारता, कधीपासून जातोय, हे सांगणारा साक्षीदार हवा. तो नात्यातला नसून तिसऱ्या घरचा असेल तर उत्तम.

हेच उलट बाजूनंही लक्षात घ्या. आपण शेजाऱ्याला प्रेमानं वाट दिली असेल, तर एका कागदावर तसं लिहून दोघांनी सह्या करा. त्यात अविश्वास नाही. उद्या मुलांच्या काळात त्या प्रेमाचाच दावा होऊ नये, एवढंच.

वाद कोर्टात गेलाच, तरी लोकअदालतीचं दार उघडं असतं. 1987 च्या कायद्यानं तिथल्या निवाड्यावर अपील नाही, आणि दाव्याची कोर्ट फीही परत मिळते.

आपल्या पोखर्णीच्या नृसिंहानं निवाडा उंबरठ्यावर केला. आपलेही वाद उंबरठ्यावरच मिटोत, परभणीपर्यंत न येवोत. वकील असून हे म्हणतोय, बरं का!