सर्व्हरवरील जावास्क्रिप्ट : एक परिचय आणि एक आवाहन

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मराठीच्या अध्यापकाने या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर अथवा कादंबरीवर बोलावे, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असणार. मी मात्र आज संगणकाच्या एका भाषेविषयी बोलणार आहे. बडोद्यात तरी हे अप्रस्तुत ठरू नये. याच शहरात १८९० साली कलाभवन स्थापन झाले आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी तांत्रिक विषय मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला. पुढे १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण करून संस्थानातील ग्रंथालयांची नवी घडी बसवली. विद्या कोठूनही घ्यावी, पण ती आपल्या भाषेतून समजून घ्यावी, ही या नगरीची जुनी रीत आहे. त्याच रीतीने आज सर्व्हरवरील जावास्क्रिप्टचा परिचय करून घेऊ.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात, नेटस्केप या कंपनीत, अवघ्या दहा दिवसांत प्रथम सिद्ध केली. जावा या दुसऱ्या भाषेशी तिचे नाते नावापुरतेच. तिचे कार्यक्षेत्र म्हणजे ब्राउझर, म्हणजे वाचकाच्या डोळ्यांसमोरचे पान. बटण दाबले की काहीतरी घडवावे, अर्जातील रिकामी रकान्याची जागा दाखवून द्यावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. सर्व्हरवर, म्हणजे जेथून ती पाने पाठवली जातात त्या दूरच्या यंत्रावर, तिला बसवण्याचा प्रयत्न नेटस्केपनेच लवकर केला होता. पण तो रुजला नाही. २००८ साली गूगलने क्रोम हा ब्राउझर आणला. त्यातील व्ही-एट या इंजिनाने जावास्क्रिप्टचे थेट यंत्रभाषेत रूपांतर करून तिला वेग दिला. ते इंजिन ब्राउझरमधून बाहेर काढून रायन डाल या तरुणाने २००९ च्या नोव्हेंबरात बर्लिन येथील परिषदेत ‘नोड’ ही प्रणाली सादर केली. सर्व्हरवरील जावास्क्रिप्ट म्हणताना आज सामान्यतः जी अभिप्रेत असते ती हीच.

नोडचे मर्म काय, हे समजण्यासाठी आपल्याच देवघेव विभागाकडे पाहू. एक वाचक मागणीची चिठ्ठी देतो. खिडकीवरील सेवक ती शिपायाकडे देतो. शिपाई वरच्या मजल्यावरील कपाटातून पुस्तक आणेपर्यंत सेवक हातावर हात ठेवून उभा राहिला, तर मागची रांग खोळंबते. यावर एक उपाय असा की प्रत्येक वाचकामागे स्वतंत्र सेवक नेमावा. पूर्वीचे बहुतेक सर्व्हर हेच करीत. प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया किंवा थ्रेड. पण प्रत्येक सेवकाला बसायला जागा लागते, तशी प्रत्येक थ्रेडला मेमरी लागते. एकाच यंत्राने एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ साली मांडला, तो याच अडचणीतून.

दुसरा उपाय आपला अनुभवी सेवक न शिकवता करतो. चिठ्ठी शिपायाकडे दिली की तो पुढच्या वाचकाकडे वळतो. पुस्तक आले की त्या वाचकाचे नाव पुकारतो. माणूस एकच, पण रिकामा क्षण नाही. नोडमध्ये जावास्क्रिप्टचा मुख्य थ्रेड असा एकच असतो. माहितीसंचाकडे विचारणा करून, फाइल मागवून तो थांबत नाही. उत्तर आल्याची वर्दी मिळाली की पुढचे काम करतो. या व्यवस्थेला इव्हेंट लूप म्हणतात. आपण तिला घटनाचक्र म्हणू. पडद्यामागे शिपाईही आहेत : फायलींच्या कामासाठी सुरुवातीला चार मदतनीस थ्रेड नेमलेले असतात, आणि जाळ्यावरील जोडण्यांकडे संगणकाची मूळ प्रणाली स्वतःच लक्ष ठेवते.

या न थांबण्याला एवढे महत्त्व का, हे आकड्यांनी स्पष्ट होईल. मेमरीतून काही वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या चकतीवर तेच शोधायला साधारण १० मिलिसेकंद. हे अंतर एक लाख पटीचे आहे. मेमरीतील वाचनाला एक सेकंद धरला, तर चकतीवरील शोधाला सुमारे २८ तास होतात. नव्या प्रकारच्या साठवणीने हे अंतर पुष्कळ घटवले, तरी दूरच्या यंत्राकडून येणाऱ्या उत्तराची प्रतीक्षा उरतेच. सर्व्हरचे बहुतांश आयुष्य काम करण्यात नव्हे, वाट पाहण्यात जाते. पेपॅल कंपनीने २०१३ साली आपले एक पान जावा आणि नोड अशा दोन्हींत बांधून पाहिले, तेव्हा नोडच्या बांधणीने दर सेकंदाला दुप्पट मागण्या हाताळल्या आणि उत्तराचा सरासरी वेळ ३५ टक्क्यांनी घटला, असे त्या कंपनीने प्रसिद्ध केले. अर्थात प्रत्येक ठिकाणी हेच प्रमाण येईल असे नाही.

कारण या पद्धतीला मर्यादा आहे, आणि शिकणाऱ्याने ती पहिल्याच दिवशी ध्यानात घ्यावी. खिडकीवरील सेवक एखाद्या वाचकासाठी वर्षभराच्या वर्गणीचा हिशेब स्वतःच करीत बसला, तर सारी रांग ताटकळेल. तसेच, मुख्य थ्रेडवर एक जड गणित सुरू झाले की त्या वेळेपुरते इतर सर्व वाचकांसाठी सर्व्हर मुका होतो. असे काम निराळ्या वर्कर थ्रेडकडे द्यावे, आणि ही सोय नोडमध्ये २०१८ पासून आहे. किंवा ते माहितीसंचाकडूनच करून घ्यावे. जेथे प्रतीक्षा फार आणि गणित थोडे, तेथे नोड शोभते.

आता लेखनपद्धतीविषयी. ‘पुस्तक आले की काय करायचे’ ही सूचना आधीच देऊन ठेवावी लागते. तिला कॉलबॅक म्हणतात. सूचनेच्या पोटात सूचना, तिच्या पोटात आणखी एक, असे होत गेले की लेखन वाचवेनासे होते. २०१५ च्या प्रमाण आवृत्तीत ‘प्रॉमिस’, म्हणजे उत्तराचे वचन, आले आणि २०१७ च्या आवृत्तीत ‘असिंक’ व ‘अवेट’ हे दोन शब्द आले. त्यांमुळे सरळ गद्यासारखे लिहिता येऊ लागले. मात्र सरळ गद्यातही एक खाच असते. लेखकाची माहिती आणि पुस्तकाची प्रत शिल्लक आहे की नाही, या दोन गोष्टी परस्परांवर अवलंबून नाहीत. एकीचे उत्तर आल्यावर दुसरी विचारली, तर दोन्हींचा वेळ बेरजेने लागतो. दोन्ही एकदम विचारल्या, तर जी अधिक संथ तेवढाच वेळ लागतो. तसेच दुर्मिळ ग्रंथाची मोठी प्रतिमाफाइल वाचकाला पाठवायची असेल, तर ती सबंध मेमरीत न घेता प्रवाहासारखी तुकड्यातुकड्याने पाठवावी. कार्यक्षमता म्हणतात ती अशा लहान विवेकांतून येते.

तयार साहित्याचा मोहही आवरला पाहिजे. २०१० पासून एनपीएम या भांडारातून इतरांनी लिहिलेले भाग सहज उचलता येतात. २०१६ च्या मार्चमध्ये शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारा, अवघ्या अकरा ओळींचा एक भाग त्याच्या कर्त्याने भांडारातून काढून घेतला आणि त्यावर विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी काही तास अडली. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे, की आधी भाषा शिकावी. मग नोडच्या स्वतःच्या साधनांनी एक लहान सर्व्हर उभा करावा. आणि त्यानंतरच एक्सप्रेससारख्या तयार चौकटीकडे जावे. व्याकरण कळल्यावाचून पाठ केलेला निबंध परीक्षेत एकदाच चालतो.

आता मी माझ्या मूळ हेतूकडे येतो. आपल्या ग्रंथालयाची तालिका जाळ्यावर यावी, गावोगावच्या मराठी वाचकाला ती घरबसल्या चाळता यावी, ही आपणा सर्वांची इच्छा आहे. हे काम प्रतीक्षेचे अधिक आणि गणिताचे कमी; म्हणजे नोडला अनुरूप. पान आणि सर्व्हर दोन्हींकडे एकच भाषा चालत असल्याने थोड्या तरुणांनाही ते झेपेल. पण तंत्रापाशी हे काम संपत नाही. युनिकोडच्या सांकेतिक क्रमात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसते. आपल्या वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. यंत्राला मराठी क्रम स्पष्ट सांगितला नाही, तर ते सांकेतिक क्रमानेच यादी लावील. भाषाभाषांच्या क्रमांची माहिती २०१९ मधील तेराव्या आवृत्तीपासून नोडमध्ये मूळचीच असते. ती वापरण्याची आज्ञा द्यावी लागते. दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. ‘वाऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन निरनिराळ्या प्रकारे टंकित होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते दोन शब्द वाटतात, आणि कपाटात असलेले पुस्तक ‘नाही’ म्हणून उत्तर येते. शोधण्यापूर्वी दोन्ही रूपे एक करण्याचा नियम कोणीतरी लिहावा लागतो. तालिकेत पुस्तक न सापडणे म्हणजे वाचकाच्या लेखी ते ग्रंथालयात नसणेच होय. शंभर वर्षे जपलेला संग्रह असा एका अर्ध्या अक्षरापायी अदृश्य व्हावा, हे आपल्याला परवडणार नाही.

घटनाचक्राची कल्पना बर्लिनहून घेता येईल. ‘ळ’ची जागा कोठे, हे मात्र मराठी जाणणाऱ्यानेच सांगावे लागेल. आमच्या घरांतील मुले संगणकशास्त्र शिकतात आणि मराठी घरापुरती ठेवतात. ज्येष्ठांना मराठी उत्तम येते आणि यंत्र परके वाटते. या दोघांना एका मेजाशी बसवण्याचे स्थान ग्रंथालयाहून योग्य दुसरे नाही. म्हणून कार्यकारी मंडळाला माझी नम्र सूचना आहे, की शताब्दीनिमित्त येथे आठवड्यातून एकदा, मराठीतून, सर्व्हरवरील जावास्क्रिप्टचा एक अभ्यासवर्ग सुरू करावा; तरुणांनी लिहावे, ज्येष्ठांनी तालिकेतील नोंदी तपासाव्यात, आणि शिकता शिकता तालिका उभी राहावी. खिडकीवरचा सेवक वाट पाहत बसत नाही, हे आपण आज पाहिले. आपणही या कामासाठी कोणा दुसऱ्याची वाट पाहू नये.