माघ-फाल्गुनातील पाखरे आणि कॅमेरा

रानातल्या जिवांची छायाचित्रे काढायची म्हणजे ताडोब्याला नाही तर कान्ह्याला गेले पाहिजे, जीपमध्ये बसले पाहिजे, आणि वाघ दिसला तरच पैसे वसूल झाले, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते. वाघ दिसावा, जरूर दिसावा. पण ज्यांच्यापाशी एक बरासा कॅमेरा आहे आणि आठवड्यातून एखादी सकाळ मोकळी आहे, त्यांना आज मी वेगळेच काही सुचवणार आहे. फेब्रुवारीच्या आरंभापासून मार्च सरेपर्यंतचे सात-आठ आठवडे तुम्ही आपल्या पंचक्रोशीबाहेर जाऊच नका. गावचा ओढा, तळे, माळ, बांधावरची चार झाडे, एवढेच आपले रान समजा. हे मी पुणे, सातारा, सोलापूर या बाजूच्या कोरड्या मुलखाला धरून बोलतो आहे. कोकणची गोष्ट थोडी निराळी. तिथली झाडे इतकी उघडी पडत नाहीत.

हेच आठवडे का, असे तुम्ही विचाराल. एक तर पानगळ झालेली असते. श्रावणात ज्या झाडात नुसता आवाज ऐकून परतावे लागते, त्याच झाडावर आता पाखरू उघड्या फांदीवर बसलेले दिसते. दुसरे असे की, हिवाळ्याचे पाहुणे अजून गेलेले नसतात आणि घरची मंडळी संसाराच्या तयारीला लागलेली असतात. लग्नघरात परगावचे आणि गावातले एकाच पंगतीला बसावेत, तसा हा थोडा काळ असतो. आणि तिसरे म्हणजे कपडे. पाखरे या दिवसांत नवे कपडे करतात हो! जांभळा शिंजीर पाहा. पावसाळा संपल्यावर नर अगदी मादीसारखा दिसतो. पोटाकडून पिवळट, गळ्यापासून खाली एक काळी रेघ, बस्स. तोच माघापर्यंत असा काही निळा-जांभळा चमकू लागतो, की हे तेच पाखरू यावर नवख्याचा विश्वास बसू नये. मधल्या काळात तो ठिगळे लावल्यासारखा दिसतो. पुष्कळ छायाचित्रकार अशा ठिगळ्या नराला 'अजून तयार नाही' म्हणून सोडून देतात. मला स्वतःला ती चित्रे जास्त मोलाची वाटतात. चमकणारा शिंजीर सगळ्यांजवळ असतो. बदलणारा फार थोड्यांजवळ.

आता झाडांकडे वळू. आधी काटेसावर फुलते, तिच्या मागोमाग पळस आणि पांगारा. तिन्ही फुले लाल-केशरी, तिन्ही झाडे त्या वेळी जवळजवळ निष्पर्ण, आणि तिन्हींच्या फुलांत मध. उन्हाळ्याच्या तोंडाशी जेव्हा इतर खाणेपिणे आटत चाललेले असते, तेव्हा ही झाडे म्हणजे पाखरांची खानावळच. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे, शिंजीर, पोपट, शिवाय खारी. पोपट तेवढे नासधूस करतात, अख्खे फूल तोडून टाकतात. बाकीचे बहुतेक फुलात चोच घालतात आणि कपाळाला परागांचा टिळा लावून पुढच्या फुलाकडे जातात. झाडाचेही काम होते. हा टिळा चित्रात आला, तर ते चित्र नुसते पाखराचे राहत नाही. पाखरू आणि झाड यांच्यातला व्यवहार त्यात दिसतो.

झाड एकच निवडा आणि त्याच्याशी चार सकाळी काढा. या झाडावरून त्या झाडावर धावणाऱ्याला काही मिळत नाही. सकाळी झाडाच्या पूर्वेला बसावे, म्हणजे ऊन तुमच्या पाठीशी येईल आणि पाखराच्या डोळ्यात ठिणगी दिसेल. मोठी अडचण उंचीची. काटेसावर चांगली साठ-सत्तर फूट वाढते. खालून काढलेल्या चित्रात पोट आणि पांढरे आभाळ याखेरीज काय येणार? म्हणून झाड शोधावे ते घाटरस्त्याच्या खालच्या अंगाला किंवा टेकडीच्या उतारावर उगवलेले. वर उभे राहिले की शेंडा तुमच्या डोळ्यांसमोर येतो.

कोतवाल काळा कुळकुळीत, आणि पाठीमागे उजळ आभाळ. कॅमेऱ्यावर सोपवाल तर तो आभाळाचा हिशोब करील आणि कोतवालाचा कोळसा होईल. तिथे एक पायरी प्रकाश जास्त द्या. बगळ्याच्या बाबतीत उलट. काळ्या चिखलातल्या पांढऱ्या बगळ्याला थोडा कमी द्या, नाहीतर पिसांची वीण दिसणार नाही. उडते पाखरू हवे असेल तर सेकंदाचा हजारावा भाग, शिंजिराला त्याहूनही निम्मा. याहून जास्त यंत्राची चर्चा मी करणार नाही. दुकानदार ती आपल्यापेक्षा उत्साहाने करतात.

वेळेचे मात्र बोलले पाहिजे. फेब्रुवारीच्या आरंभी पुण्याला सूर्य सातनंतर उगवतो. मार्चअखेर तो साडेसहाच्या आत उगवतो. उठण्याची वेळ त्याच्याबरोबर सरकवावी लागते. आणि दहा वाजले की माळावर निमूटपणे कॅमेरा पिशवीत घालावा. जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरू लागते. मृगजळ ज्या कारणाने दिसते, तेच हे कारण. लांबच्या भिंगातून दोनशे पावलांवरचे पाखरू टिपाल, तर ते पाण्याखाली ठेवल्यासारखे अस्पष्ट येईल. पुष्कळ जण मग भिंगाला दोष देतात, नवे भिंग घेतात, आणि पुन्हा अकरा वाजताच माळावर जातात.

पाण्याकाठचे पाहायचे असेल तर भिगवणकडे चला. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि त्याच्या फुगवट्याने भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला उथळ पाण्याचा मोठा पसारा तयार झाला. उन्हाळा जवळ येतो तसे पाणी मागे हटते, गाळ उघडा पडतो, आणि त्या गाळात रोहित पक्षी, ज्यांना अग्निपंख म्हणतात ते, मान खाली घालून चोच उलटी धरून चरत असतात. इथे पट्टकदंब हंसही असतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. हे हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जाणारे. मार्च उजाडला की त्यांचे थवे विरळ होऊ लागतात.

कोळी बांधवांच्या होड्या भाड्याने मिळतात. होडीत बसल्यावर दोन गोष्टी करा. कॅमेरा शक्य तेवढा पाण्याच्या पातळीला आणा. वरून काढलेले पाखरू ठेंगू दिसते. आणि नावाड्याला थव्याच्या मागे लागायला सांगू नका. तो बिचारा तुमच्या बक्षिसासाठी लागेल. त्याला वाटते साहेबांना उडता थवा हवा. हजारो मैलांच्या प्रवासाला निघणारे पाखरू या दिवसांत अंगावर चरबी साठवत असते. तुम्ही त्याला दिवसातून दहा वेळा उडवले, तर दहा वेळा त्याची शिदोरी तुम्ही सांडली. शिवाय चित्र तरी कसले येते? भ्यालेले पाखरू तुमच्यापासून लांब पळते. म्हणजे तुम्हांला मिळतात शेपट्या! न भिता, आपल्या मर्जीने उतरणारा थवा वाऱ्याच्या विरुद्ध उतरतो. तेव्हा वाऱ्याकडे पाठ करून होडी स्थिर ठेवा. तो तुमच्याकडे तोंड करून येईल.

भोरड्यांची गोष्ट शेतकऱ्यांना सांगायला नको. ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवावी लागते ती यांच्याचसाठी. मध्य आशियाकडून आलेले हे पाहुणे ज्वारी खातात, तसे नाकतोडेही खातात, हे मात्र आपण विसरतो. जायच्या आधी त्यांच्या अंगाचा गुलाबी रंग उजळतो, आणि संध्याकाळी उसात किंवा बाभळीत उतरण्यापूर्वी त्यांचे थवे आभाळात धुराच्या लोटासारखे वळतात. एखादा ससाणा आला तर लोट फाटतो आणि पुन्हा मिटतो. इथे लांब भिंग काही कामाचे नाही. साधा मोबाईलसुद्धा चालेल. खाली गावाची एखादी खूण, देवळाचा कळस किंवा विजेचा खांब, चित्रात असू द्या.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे सारे बोलतो आहे, तिच्याकडे येतो. फाल्गुन लागला की टिटवी माळावर अंडी घालू लागते. घरटे कसले, जमिनीतला एक खळगा, भोवती चार खडे. अंडी बहुधा चार, निमुळती टोके आत करून मांडलेली, मातीच्या रंगाची. शेतकरी म्हणतात, टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस दांडगा. पंचतंत्रात तर टिटवीची अंडी समुद्राने नेली आणि शेवटी विष्णूला मध्ये पडून ती परत द्यायला लावावी लागली. आजच्या टिटवीच्या वाट्याला समुद्र येत नाही, आपण येतो.

एका तळ्याकाठी मी पाहिले ते सांगतो. कुणीतरी घरटे शोधून काढले, मोबाईलवरून चार मित्रांना ठिकाण कळवले. सकाळी साडेनवाला सहा जण अर्धगोल करून बसले. टिटवी तीस पावलांवर ओरडत फिरत होती. तिचा जोडीदार वरून झेपा घेत होता. मंडळींना वाटत होते, किती छान, रागावलेली टिटवी मिळाली! मी घड्याळ पाहिले. पस्तीस मिनिटे अंडी उघड्या उन्हात होती. आपल्याला वाटते, पाखरू अंडी ऊब देण्यासाठी झाकते. थंडीत खरे, पण मार्चच्या उन्हात टिटवी अंड्यांवर उभी राहते ती सावली धरायला. फार तापले तर पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंडी गार करते. तिला अडवून धरले की उघड्या अंड्यातला जीव उन्हाने भाजून निघतो. आणि कावळे काही आंधळे नसतात. माणसे एका ठिकाणी वाकून पाहताहेत, म्हणजे तिथे काहीतरी आहे, हे त्यांना चांगले कळते. त्या सहांपैकी एक जण मला म्हणाला, "आम्ही हातसुद्धा लावला नाही, काका." खरेच होते ते. हात लावावा लागलाच नाही.

अंडी फुटायला चार आठवडे लागतात. एका सकाळीच्या अर्ध्या तासाने त्या चार आठवड्यांचा हिशोब बंद होऊ शकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात पाखरांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणे हेही येते. बंदूक नसली म्हणजे शिकार नाही, असे कायदा मानत नाही.

राखी धनेशाचे तसेच. मार्चच्या सुमारास मादी झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचे तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते. आतल्या मादीचे आणि पुढे पिलांचेही पोट नराने आणलेल्या फळांवर. झाडाखाली तिवया मांडून लोक बसले, की नर लांबच्या फांदीवर चोचीत उंबर धरून ताटकळतो. म्हणून माझा नियम सरळ आहे: पाखराच्या चोचीत काडी किंवा चारा दिसला, की मी उठतो. आणि मोबाईलवर आवाज वाजवून पाखराला बोलावण्याची जी नवी खोड लागली आहे, ती तर सोडाच. दयाळ गाऊन आपली हद्द राखत असतो. खोट्या शत्रूशी भांडण्यात त्याची सकाळ जाते. चित्र चारचौघांत दाखवताना जागेचे नावही सांगू नये. पुष्कळदा मोबाईल आपणहून चित्राबरोबर जागेची खूण देतो. ती सोय बंद करता येते.

मग जवळून चित्र मिळवायचे कसे? एफ. डब्ल्यू. चँपियन नावाचे एक वनाधिकारी होऊन गेले. १९२७ साली त्यांचे वाघांच्या छायाचित्रांचे पुस्तक निघाले. ते वाघाच्या मागे जात नसत. वाघाच्या नेहमीच्या वाटेवर तार लावून ठेवीत. वाघाचा पाय लागला की दिवा लखकन पेटे आणि वाघाचे चित्र वाघच काढी. आपल्याला तार नको. पाखराची वाट ओळखा, तिथे आधी जाऊन बसा, एवढे पुरे. मळकट चादरीचा आडोसा चालतो. मोटार उभी करून खिडकीतून टिपले तरी चालते. पाखरे मोटारीला तेवढी भीत नाहीत, तुम्ही दार उघडून उतरलात की उडतात. माळावर सगळ्यांत उत्तम आडोसा म्हणजे धनगराची मेंढरे. त्यांच्याबरोबर हळूहळू चाला, धनगराशी दोन शब्द बोला, त्याला चहा पाजा. कळपाच्या पायांतून उडणारे किडे टिपायला कोतवाल मेंढरांच्या पाठीवर येऊन बसतो, गायबगळे पायांशी घोटाळतात, आणि तुमच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. गायबगळ्याच्या डोक्या-मानेवर केशरी रंग चढू लागला की नाही, हे तिथेच कळते.

एक वही ठेवा. चित्राची तारीख कॅमेरा ठेवतो, पण झाड कोणते, वारा कुठला, पाखरू काय करत होते, हे तो लिहीत नाही. पाणवठ्यावर शेपटी हलवणारा पांढरा धोबी हिवाळाभर रोज दिसतो, म्हणून त्याच्याकडे कुणाचे लक्ष नसते. मार्च-एप्रिलमध्ये एका सकाळी तो नसतो. कोणत्या सकाळी, ते वहीवरूनच सांगता येईल. मात्र नोंद करताना चित्र मोठे करून पाखराचे कपाळ पाहा. कपाळ पांढरे असेल तर तो पाहुणा, उत्तरेकडे जाणारा. डोके काळे आणि डोळ्यावर पांढरी भुवई असेल, तर तो आपला इथलाच मोठा धोबी. तो कुठेही जात नाही. थोड्याच दिवसांत तो पाण्याकाठच्या दगडांत घरटे करील, तेव्हा तुम्ही जरा लांब बसा.