आत्याचा 'च' आणि मुक्त ध्वनिसाधने



निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे 'लोकसाहित्य आणि तंत्रज्ञान' असा विषय छापला आहे. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी साहित्याची विद्यार्थिनी. पीएच.डी. ओवीवर केली, आणि तीही बरीचशी छापील संग्रहांवरून. आज मी एका अक्षराबद्दल बोलणार आहे, आणि ते जपण्यासाठी जी साधने हाती आली त्यांच्याबद्दल.

ते अक्षर म्हणजे 'च'. 'चार-पाच' ही जोडी जरा मोठ्याने म्हणून पाहा. 'चार'मधला च तालव्य, 'पाच'मधला दंततालव्य. लिपीत दोन्ही एकच. हिंदीत दंततालव्य च नाही, त्यामुळे इथे माळव्यात वाढलेल्या आपल्या मुलांच्या तोंडी 'पाच', 'चूल', 'चाक', 'चांदणे' यांतला च हळूहळू 'चार'मधल्यासारखा होत चालला आहे. माझ्या वर्गात हे मी दर वर्षी ऐकते. लिहिताना चूक होत नाही, म्हणून परीक्षेत गुण जात नाहीत, आणि गुण जात नाहीत म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

देवासच्या माझ्या आत्याचा च मात्र अस्सल होता. लग्न होऊन ती माळव्यात आली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती, आणि येताना आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या घेऊन आली. २००८ च्या उन्हाळ्यात तिच्याकडे राहून मी त्या ध्वनिमुद्रित केल्या. दुपारी जेवणं उरकली की ती जात्याशी बसायची आणि मी लॅपटॉप घेऊन समोर. एका ओळखीच्यांनी ध्वनिमुद्रणाचा एक विकतचा प्रोग्राम घालून दिला होता. तो आपल्या फाइली स्वतःच्याच खास स्वरूपात साठवत असे. मला त्याचे काय! बटण दाबले की लाल दिवा लागायचा, पुन्हा दाबले की विझायचा.

पुढच्या पावसाळ्यात तो लॅपटॉप गेला. फाइलींची प्रत होती, म्हणून मी निश्चिंत होते. नव्या संगणकावर त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती घेतली, तर ती जुन्या फाइली वाचेना. जुन्या आवृत्तीचा परवाना जुन्या यंत्राशी बांधलेला. पत्रव्यवहार केला, उत्तरे नम्र आली, फाइली उघडल्या नाहीत. तोवर आत्या गेली होती.

हाती उरल्या तीन छोट्या एमपीथ्री फाइली. पुण्याच्या एका मैत्रिणीला ई-मेलने पाठवता याव्यात म्हणून मीच त्या दाबून लहान केल्या होत्या. त्या ऐकल्या तर आत्याचा आवाज ओळखू येतो, चाल कळते, शब्द कळतात. पण 'च' कळत नाही.

याचे कारण समजायला मला काही वर्षे लागली. संगणक आवाज साठवतो तो सेकंदाला ठरावीक वेळा त्याची नोंद घेऊन. या नोंदींना नमुने म्हणतात. जितके नमुने, त्याच्या निम्म्यापर्यंतचीच कंपने टिकतात. माझ्या त्या फाइलींत सेकंदाला ११,०२५ नमुने होते, म्हणजे साधारण ५,५०० कंपनांच्या वरचे सगळे कापले गेले. तालव्य च उच्चारताना हवेची जी सळसळ होते तिचा जोर तीन-चार हजारांच्या आसपास सुरू होतो. दंततालव्य च ची सळसळ त्याहून वरची, 'स'च्या जवळची. मी जे कापले ते नेमके तेच होते. लिपी जे टिपत नाही ते टिपायला मी यंत्र नेले, आणि यंत्राकडूनही तेच सोडवून घेतले.

इथून मी लिनक्सकडे वळले. कोणी तत्त्वज्ञान समजावले म्हणून नाही, फाइली पुन्हा उघडता याव्यात म्हणून. तत्त्वज्ञान मागून कळले. इंग्रजीत 'फ्री' या शब्दाने मोठा घोळ घातला आहे, या चळवळीतल्या लोकांना तो शब्द सतत समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे शब्द आहेत, आपला अर्धा व्याप तिथेच वाचतो. पॉल डेव्हिस यांनी घडवलेले 'आर्डर' घ्या. अनेक पट्ट्यांवर ध्वनिमुद्रण करून ते एकत्र बसवण्याचे हे साधन. त्याच्या संकेतस्थळावरून तयार प्रोग्राम घ्यायचा तर पैसे मोजावे लागतात, पण त्याची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, सर्वांना खुली आहे. फुकट असेलच असे नाही, मुक्त मात्र आहे.

संहिता खुली असण्याचे महत्त्व साहित्याच्या लोकांना तरी मी सांगायला नको. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती प्रती हाती होत्या म्हणून. प्रत कुलुपात असती तर पाठ कोणता आणि पाठभेद कोणता, हा प्रश्नच निघाला नसता. 'ऑडॅसिटी' हा ध्वनिसंपादनाचा प्रोग्राम डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू केला आणि २००० मध्ये लोकांसमोर आणला. २०२१ मध्ये तो एका कंपनीकडे गेला. वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्याचा विचार पुढे आला, ओरड झाली, प्रस्ताव मागे घेतला गेला. तरीही काहींनी त्याच संहितेवरून वेगळी शाखा काढली. तिचा पुढे कितपत उपयोग होईल हा भाग निराळा, पण ती काढता आली. माझ्या त्या विकतच्या प्रोग्रामबाबत मला फक्त पत्र लिहिता आले.

आता सिंथेसायझरकडे येते. काही चेहऱ्यांवर प्रश्न दिसतो आहे, की ओवीच्या अभ्यासात सिंथेसायझर कशाला? मलाही तसेच वाटे. माझ्या एका विद्यार्थ्याने घरी गाणी करण्यासाठी 'झिनअ‍ॅडसबएफएक्स' बसवले होते. रोमानियाच्या नास्का ऑक्टेव्हियन पॉल यांनी ते घडवले, २००२ च्या सुमारास. 'योशिमी' ही त्याचीच एक शाखा, पुन्हा पाठभेदच म्हणा. त्याला ओवीखाली तंबोरा घालायचा होता. मी म्हटले, वेगळ्या पट्टीवर घाल, मूळ आवाजाला हात लावू नकोस. तंबोरा छान झाला, पण जुळेना, कारण आजींचा 'सा' पेटीच्या कुठल्याच पट्टीत बसत नव्हता. मग ऑडॅसिटीतून त्यांच्या स्वराची कंपने मोजली आणि झिनचा स्वर तिथे आणून ठेवला. विकतच्या छोट्या कीबोर्डवर हे करताना आम्ही दमलो असतो.

खरी गंमत पुढे झाली. या सिंथेसायझरच्या एका भागात आवाज तयार होतो तो नुसत्या खरखरीतून. सर्व कंपने सारखी मिसळलेली खरखर घ्यायची आणि गाळणीतून नको ते काढून टाकायचे. एके दिवशी तो मुलगा गाळणी वरखाली करत बसला होता. वर नेली की 'स' ऐकू येई, खाली आणली की 'श'. मी त्याला थांबवले. म्हटले, हिच्या आधी 'त'चा छोटा अडथळा ठेव. ठेवला. गाळणी वर असताना यंत्र 'पाच'मधला च म्हणाले, खाली आणल्यावर 'चार'मधला.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, हे दोन च आहेत?" तीन वर्षे मी त्याला मराठी शिकवत होते.

त्यानंतर माझा वर्णोच्चाराचा तास मी असाच घेते. स्वरांसाठी त्याच प्रोग्राममध्ये मुखपोकळीचे अनुकरण करणारी वेगळी गाळणी आहे. एकच गुणगुण तिच्यातून पाठवली की 'आ' होते, 'ई' होते, 'ऊ' होते. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ ही आपली जुनी मांडणी फळ्यावर लिहून पोरे जांभया देत. आता ती स्वतः गाळणी फिरवून तालू शोधतात. आवाजाचे चित्र पाहायचे असेल तर अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोअर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचे 'प्रात' आहे, तेही मुक्त. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते शिकलेच पाहिजे, असे मी म्हणेन.

अडचणी लपवणार नाही. लिनक्सवर पहिल्या रात्री मला आवाजच ऐकू आला नाही. ध्वनी भलत्याच बाजूला जात होता, आणि तो 'जॅक' नावाच्या मधल्या यंत्रणेतून वळवायचा असतो हे समजायला दोन रविवार गेले. हल्ली 'पाइपवायर' आल्यापासून हा त्रास बराच कमी झाला आहे. 'उबुंटू स्टुडिओ' घेतले तर यातली बहुतेक साधने एकदमच मिळतात, आणि महाविद्यालयाने मोडीत काढलेल्या संगणकावरही ध्वनिमुद्रणापुरते काम भागते. मराठीत मार्गदर्शिका मात्र मला सापडली नाही. 'नमुना', 'गाळणी', 'पट्टी' हे शब्द मी वर्गात वापरते ते माझ्या सोयीचे. अकादमीच्या परिभाषा समितीने यांत लक्ष घातले तर बरे होईल.

घरच्या ध्वनिमुद्रणाला फार काही लागत नाही. पंखा आणि फ्रीज बंद करायचा, नंतर फ्रीज आठवणीने सुरू करायचा. पाठीमागे गोधडी टांगायची. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर, पण किंचित बाजूला. नमुने सेकंदाला ४८,०००, खोली २४ बिट. एका तासाला साधारण ५०० एमबी होतात, आणि 'फ्लॅक' या खुल्या स्वरूपात ठेवले की काहीही न गमावता त्याच्या निम्म्याच्या आसपास येतात. ऑडॅसिटीत खरखर काढण्याची सोय आहे, तिचा मोह आवरा. जास्त ओढली की आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो, आणि पहिला बळी जातो तो पुन्हा स, श आणि च यांचा. जात्याची घरघरही काढू नका. बाई ओवीत कुठे थांबते हे जात्याच्या फेऱ्यावर ठरते. ती काढली तर चरण का तुटला ते कळणार नाही. साफ केलेली प्रत करायचीच तर वेगळी करा.

मागच्या मार्गशीर्षात एका विद्यार्थिनीच्या घरी, रामबागेत, तिच्या आजींना आम्ही असे मुद्रित केले. ओव्या झाल्यावर मी त्यांना एक ते पन्नास आकडे म्हणायला सांगितले. "एवढं शिकून आता आकडे शिकायला आलीस होय गं?" असे म्हणून त्यांनी म्हटले. पाच, पंचवीस, चाळीस, सगळे आले. ती फाइल माझ्याकडे तीन ठिकाणी आहे.

दुपारच्या सत्रानंतर मी लॅपटॉप घेऊन वाचनालयाच्या खोलीत बसते आहे. ज्यांच्या घरी कॅसेटी पडून आहेत, किंवा 'पाच' नीट म्हणणारे कोणी आहे, त्यांनी यावे. पेनड्राइव्ह आणला असेल तर सगळी साधने त्यात घालून देते.