संसाराचे कर्ज आणि दोघांची सही



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आपण ऐकावे, अशी रीत आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपाशी संपले. पुढे जे शिकलो ते कारखान्यात, गेटसभांत आणि वाचनालयातून घरी आणलेल्या पुस्तकांत. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. चालकांनी विषय विचारला, तेव्हा मी "कर्ज" एवढेच सांगितले. त्यांना वाटले, मी कर्जमाफीवर किंवा बँकांच्या धोरणावर बोलणार. आज मात्र मला घरातल्या एका निर्णयाविषयी बोलायचे आहे. नवराबायकोच्या डोक्यावर चार ठिकाणचे कर्ज झाले, म्हणजे ते एकत्र मांडून हप्त्याने फेडण्याची योजना करावी की नाही, आणि ते ठरवावे कुणी, हा तो प्रश्न आहे.

न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्याच सालच्या १२ मे रोजी आपल्याच जिल्ह्यात, सुप्याला, सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि पुढे गावोगाव कर्जखते हिसकावून जाळली गेली. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. खतावर लिहिलेला आकडा डोळे मिटून खरा न धरता न्यायालयाने मुळापासून हिशेब तपासावा, कुळाला हप्ते बांधून द्यावेत, कर्जापायी त्याला तुरुंगात टाकू नये, अशा गोष्टी त्यात होत्या. आज ज्याला आपण कर्जफेडीची योजना म्हणतो, तिची दोन्ही अंगे त्यात आली: आधी खरा हिशेब, मग झेपतील असे हप्ते.

कामगारांचे म्हणाल, तर ज्या व्हिटले आयोगावर ना. म. जोशी सभासद होते, त्याच्या १९३१ सालच्या अहवालात लिहिले आहे की, बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन-तृतीयांश कुटुंबे कर्जात आहेत आणि पुष्कळांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. म्हणजे कर्ज होणे ही एकट्यादुकट्याच्या चारित्र्याची उणीव नव्हे. पगार आणि गरज यांच्यात जी फट राहते, तिच्यात कर्ज शिरते. हे एकदा समजले म्हणजे लाज थोडी कमी होते. आणि लाज कमी झाल्याशिवाय हिशेब होत नाही.

आता आपल्या लवळ्याकडे पाहा. टेकडीवर विद्यापीठे आली, पलीकडे पिरंगुटला कारखाने वाढले. कुणी जमीन विकली, कुणी गाडी काढली, कुणी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. रोख पैसा दिसू लागला तसे कर्ज देणारेही दारी आले. पूर्वी सावकाराच्या ओसरीवर जाऊन मान खाली घालावी लागे. आता मोबाइलवर अंगठा टेकला की दहा मिनिटांत पैसे येतात. गावाला कळत नाही, आणि घरातही कळत नाही. माझ्या मते या नव्या कर्जाचा मोठा धोका व्याजापेक्षा या न कळण्यात आहे.

हे मी दुसऱ्याचे सांगत नाही. दोन दशकांपूर्वी मी ज्या कारखान्यात होतो, तिथे टाळेबंदी झाली. सात महिने गेटला कुलूप. मी युनियनचा पुढारी, रोज सभेत सांगायचो, "कंपनीने ताळेबंद दाखवावा, तोटा झाला म्हणते तर हिशेब कामगारांपुढे ठेवावा." आणि त्याच दिवसांत माझ्या घरचा हिशेब मी माझ्या पत्नीपुढे ठेवला नव्हता. पतसंस्थेचे चाळीस हजार तिला ठाऊक होते, कारण त्यावर तिची सही होती. मोटारसायकलचे बावीस हजार, भिशीतून आधी उचललेले अठरा हजार, वाण्याचे सात हजार आणि एका खासगी सावकाराचे पंचवीस हजार, यांतले तिला काही ठाऊक नव्हते. सावकाराचे व्याज महिन्याला शेकडा पाच, म्हणजे दरमहा साडेबाराशे. कारखाना सुरू झाला, माझा पगार पुन्हा चालू झाला, तो होता अठ्ठावन्नशे. दोन वर्षांत मी त्या सावकाराला तीस हजार रुपये व्याज दिले, आणि मुद्दल होते तेथेच होते.

एके दिवशी मी सभेला गेलो असता त्याचा माणूस घरी आला आणि ओट्यावर बसून राहिला. संध्याकाळी मी आलो, तर पत्नीने भांडण केले नाही. मुले निजल्यावर ती म्हणाली, "अहो, मालकाकडं हिशेब मागता, आन मला न्हाई दावत. मी काय परकी हाय का?" मग मी सारे सांगितले. माझे सांगून झाल्यावर ती उठली, डब्यातून बचत गटाचे पुस्तक काढले आणि माझ्यापुढे ठेवले. माझ्या आईच्या आजारपणात तिने गटातून सहा हजार उचलले होते आणि शिवणकामातून गुपचूप फेडत होती. मी रागावेन म्हणून तिने लपवले. ती खचेल म्हणून मी लपवले. दोघांची मिळून बेरीज झाली एक लाख अठरा हजार. दोन वर्षांत प्रथमच आम्हाला आमचे कर्ज किती आहे ते कळले.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या माहेरच्या दोन पाटल्या काढल्या. मी नको म्हणालो, पण खरे सांगतो, ते फार ठामपणे म्हणालो नाही. ती म्हणाली, पाटल्या माझ्या आहेत, तेव्हा काय करायचे ते मी ठरवीन. त्या मोडून सावकाराचे मुद्दल एकरकमी भागवले आणि चिठ्ठी परत आणली. मात्र तिने दोन अटी घातल्या. दर रविवारी वही दोघांनी मिळून लिहायची. आणि तिला विचारल्याशिवाय कुणाला जामीन राहायचे नाही. दुसरी अट मला जड गेली. पुढारी माणूस, सहकारी जामिनासाठी त्याच्याकडेच येणार. पुढे एका जुन्या सोबत्याला मी नकार दिला. तो आजही माझ्याशी बोलत नाही. पण जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, हे १८७२ च्या करार कायद्यात लिहिलेले आहे. मैत्रीखातर केलेली सही न्यायालयात मैत्री म्हणून वाचली जात नाही.

उरलेले त्र्याण्णव हजार. माझा पगार आणि तिच्या शिवणाचे नऊशे धरून सहा हजार सातशे येत, घरखर्च त्रेचाळीसशे. उरत चोवीसशे. पतसंस्थेत दोघे मिळून गेलो, वही दाखवली आणि हप्ता लहान करून घेतला. सारे फिटायला चार वर्षे आणि दोन महिने लागले. त्या काळात मुलांची एक सहल चुकली, एक दिवाळी नव्या कपड्यांवाचून गेली. योजना म्हणजे सुख नव्हे, हे मी अनुभवाने सांगतो.

मंडळी, तीस वर्षे मी कामगारांचे करार केले. त्यांतून एक गोष्ट शिकलो. बंद खोलीत एकट्या पुढाऱ्याने केलेला करार कितीही चांगला असला, तरी कामगार तो मनापासून पाळत नाहीत. सभेत वाचून दाखवलेला, वाद घालून मान्य झालेला करार कमी लाभाचा असला तरी टिकतो. संसारातही तेच आहे. नवऱ्याने एकट्याने ठरवलेली काटकसर बायकोला शिक्षा वाटते. बायकोने एकटीने ठरवलेली नवऱ्याला टोमणा वाटते.

आता योजना करावी की नाही, हे कसे ठरवावे? मी चार प्रश्न विचारतो.

पहिला: सगळी कर्जे सांगून झाली का? हातउसने, भिशी, बचत गट, मोबाइलवरचे, सासुरवाडीचे, सगळी. एक जरी लपवलेले राहिले, तरी योजना सहा महिन्यांत मोडते. आणि मोडण्यापेक्षा वाईट म्हणजे विश्वास जातो.

दुसरा: खाणे, शाळा, औषध आणि भाडे भागवून हातात काय उरते? काही उरत असेल, तर योजना करावी आणि सर्वांत महाग व्याजाचे कर्ज आधी संपवावे. काहीच उरत नसेल, तर योजना करू नये. ती केवळ नवा फास होते. अशा वेळी काही वस्तू विकून किंवा तडजोड करूनच वाट निघते. लोकअदालतीत झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकी पक्की असते आणि तिच्यावर अपील नसते, म्हणून समजून सही करावी. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? मात्र कमी रकमेत तडजोड केली, तर तशी नोंद कर्जाच्या इतिहासात राहते आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना आडवी येते, हेही दोघांनी आधी जाणून घ्यावे.

तिसरा: कागदावर नाव कुणाचे? नवऱ्याच्या एकट्याच्या कर्जाला बायको जबाबदार नसते. ती सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तरच असते. म्हणून "सोय म्हणून" तिची सही घेण्यापूर्वी थांबावे. दिवाणी कायद्यात जप्तीतून काही वस्तू वगळल्या आहेत: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे आणि धर्मरीतीप्रमाणे स्त्रीने अंगावरून काढता कामा नयेत असे दागिने. ज्या मंगळसूत्राला कोर्ट हात लावत नाही, ते आपण होऊन गहाण टाकायचे की नाही, हे तिने ठरवावे.

चौथा: दोघांपैकी एक आजारी पडला तर? योजनेत त्यासाठी दरमहा थोडे बाजूला ठेवले नसेल, तर पहिल्याच तापात नवे कर्ज होते.

भीतीविषयी दोन शब्द. केवळ गरिबीमुळे देणे देता आले नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली दिला. चेक न वटणे ही गोष्ट वेगळी; त्यात फौजदारी खटला होतो, म्हणून कोरे चेक देऊ नयेत. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र कायद्याने गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते. परवानाधारक सावकारालाही मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. आमच्या त्या सावकाराने तर तेवढे केव्हाच गिळले होते.

शेवटी एक प्रसंग सांगून संपवतो. मध्यंतरी एक जोडपे माझ्याकडे आले. तो स्वतःची गाडी भाड्याने चालवी, ती खानावळीत कामाला. गाडीचे कर्ज, मोबाइलवरची दोन, क्रेडिट कार्डाचे एक आणि तिच्या बचत गटाचे. शहरातल्या कुणी त्याला सांगितले होते की, सगळे हप्ते बंद करा, दरमहा आमच्याकडे पैसे भरा, आम्ही वर्षभरात अर्ध्यात मिटवून देतो. आमची फी मात्र आधी. तो सही करायला तयार, ती नाही. तो म्हणाला, "हिला यातलं काय कळतंय?" मी तिला विचारले. ती म्हणाली, "दादा, गटाचा हप्ता मी बंद केला तर शेजारच्या नऊ बायांना भरावा लागंल. त्यांच्यापुढं मी उभी कशी राहू?" हा मुद्दा त्या कंपनीच्या कागदात कुठेच नव्हता. तो गप्प झाला.

त्या दिवशी त्यांनी काहीच ठरवले नाही. दोन महिन्यांनी वही घेऊन आले. फीवाल्यांकडे गेले नव्हते. गाडी विकून तिचे कर्ज आणि मोबाइलवरची दोन्ही भागवली होती. उरलेल्यांचे हप्ते बांधले होते, पहिला हप्ता बचत गटाचा. तो आता दुसऱ्याच्या गाडीवर पगारी आहे. मला म्हणाला, "मालक व्हतो, नोकर झालो." त्यावर मी काय बोलणार? हे दुःख खरे आहे, आणि हिशेबाने ते पुसले जात नाही. पण वहीच्या पानाखाली दोन सह्या होत्या, एक त्याची आणि एक तिची.

१८७५ साली लोकांनी कागद जाळले. आजचे कर्ज जाळून जात नाही. ते कुठल्या यंत्रात लिहिलेले असते कोण जाणे. म्हणून माझी विनंती एवढीच की, आज घरी गेल्यावर आपले सारे कागद एकदा सतरंजीवर पसरावेत आणि दोघांनी मिळून वाचावेत. योजना करायची की नाही, ते त्यानंतर ठरेल.